संस्थेचा अंतर्गत चेहरा : कंपन्यांच्या इंट्रानेट संकेतस्थळांची दर्शनी रचना आणि नाममुद्रा यांचा ऐतिहासिक मागोवा

गोषवारा

कंपनीच्या कर्मचाऱ्यांपुरते मर्यादित असणारे संकेतस्थळ, म्हणजेच इंट्रानेट, हा संगणकयुगातील संस्थाजीवनाचा एक महत्त्वाचा परंतु दुर्लक्षित घटक आहे. प्रस्तुत लेखात १९८९ ते २०२२ या कालखंडात अशा संकेतस्थळांची दर्शनी रचना कशी बदलत गेली आणि कंपनीच्या नाममुद्रेचे, म्हणजे ब्रँडचे, त्यातील स्थान कसे घडत गेले, याचा मागोवा घेतला आहे. मजकूर आणि त्याचे रूप परस्परांपासून वेगळे ठेवले गेले नाहीत तेव्हा संस्थांनी आपले स्वातंत्र्य गमावले, आणि ही फारकत साधली तेव्हा ते काही अंशी परत मिळाले, असे प्रतिपादन येथे केले आहे. देवनागरी टंकांचा समांतर अनुभवही याच दृष्टीने तपासला आहे.

१. प्रस्तावना

कंपनीचे जाहीर संकेतस्थळ ग्राहकासाठी असते. त्याच्या सजावटीवर, भाषेवर आणि परिणामकारकतेवर विपुल लेखन झाले आहे. परंतु त्याच कंपनीतील कर्मचारी सकाळी संगणक सुरू करतो तेव्हा त्याच्यासमोर जे पान उघडते, ज्यावर तो रजेचा अर्ज भरतो, वेतनपत्रक पाहतो, परिपत्रक वाचतो आणि सहकाऱ्याचा दूरध्वनी क्रमांक शोधतो, त्या पानाचा इतिहास क्वचितच लिहिला गेला आहे.

याचे एक कारण साधनांच्या स्वरूपात आहे. १९९६ मध्ये स्थापन झालेल्या ‘इंटरनेट अर्काइव्ह’ या संस्थेने जाहीर संकेतस्थळांची जुनी पाने जतन केली. मात्र इंट्रानेट हे कंपनीच्या कुंपणाआड असल्यामुळे ते अशा संग्रहांत येऊ शकले नाही. नवी रचना आली की जुनी पुसली गेली. त्यामुळे या विषयाच्या अभ्यासकाला तांत्रिक मानके, प्रसिद्ध झालेले रचनाविषयक निबंध आणि आज्ञावलींच्या क्रमशः आलेल्या आवृत्त्या यांवरच मुख्यतः विसंबावे लागते.

या इतिहासाच्या मुळाशी एक प्रश्न आहे. संस्थेचे रूप ठरविण्याचा अधिकार कोणाचा? संस्थेचा, ती ज्या कंपनीची आज्ञावली वापरते तिचा, की ते पान रोज वापरणाऱ्या कर्मचाऱ्याचा? वरवर पाहता हा प्रश्न रंग, टंक आणि बोधचिन्ह यांचा वाटतो. प्रत्यक्षात तो अवलंबित्वाचा आहे.

२. छापील नाममुद्रेचा वारसा

संस्थेला एकसंध दृश्यरूप असावे ही कल्पना संगणकापेक्षा बरीच जुनी आहे. १९०७ मध्ये जर्मनीतील एईजी या विद्युत उद्योगाने पीटर बेहरेन्स यांची कलाविषयक सल्लागार म्हणून नेमणूक केली. बेहरेन्स यांनी बोधचिन्ह, जाहिराती, उत्पादने आणि कारखान्याची वास्तू या सर्वांना एका दृष्टीने आकार दिला. अमेरिकेत आयबीएमने १९५६ मध्ये एलियट नॉइज यांना रचना-सल्लागार म्हणून पाचारण केले. नॉइज यांनी पॉल रँड यांच्याकडे बोधचिन्हाचे काम सोपविले. आज परिचित असलेले आठ पट्ट्यांचे बोधचिन्ह रँड यांनी १९७२ मध्ये सिद्ध केले.

या परंपरेतूनच रचना-नियमावली हा ग्रंथप्रकार जन्मला. बोधचिन्हाभोवती किती मोकळी जागा सोडावी, कोणती शाई वापरावी, पत्रशीर्षावर आणि वाहनांवर नाव कोणत्या टंकात लिहावे, याचे बारकावे अशा नियमावलीत असत. त्यामागे एक गृहीतक होते : छापखान्यातून बाहेर पडलेला कागद सर्वांच्या हातात सारखाच असतो. वेबने नेमके हेच गृहीतक मोडून काढले. वेबवरील पानाचे अंतिम रूप छापखान्यात ठरत नाही. ते वाचणाऱ्याच्या संगणकावर, त्याच्या न्याहाळकात, म्हणजे ब्राउझरमध्ये, त्या त्या क्षणी साकारते. छापील नियमावलीत मुरलेल्या मनाला ही अनिश्चितता मानवणारी नव्हती. पुढील बराचसा संघर्ष या अस्वस्थतेतून उद्भवला.

३. संस्थांतर्गत गरजेतून वेबचा जन्म

वेबकडे आज जागतिक माध्यम म्हणून पाहिले जाते, तरी तिचा उगम एका संस्थेच्या अंतर्गत गरजेतून झाला, ही गोष्ट येथे ध्यानात घेणे आवश्यक आहे. जिनिव्हाजवळील सर्न या अणुविज्ञान संशोधन केंद्रात टिम बर्नर्स-ली यांनी मार्च १९८९ मध्ये माहिती व्यवस्थापनाविषयीचा प्रस्ताव सादर केला. संशोधक अल्पकाळासाठी येतात आणि जातात. त्यांच्याबरोबर प्रकल्पांची माहितीही निघून जाते, ही अडचण त्या प्रस्तावाच्या केंद्रस्थानी होती.

१९९१ मध्ये सर्नमधील लोकांना वेबची सवय लागण्यास केंद्राची दूरध्वनी सूची मोठ्या प्रमाणात कारणीभूत ठरली. ही सूची तोवर तेथील मोठ्या मध्यवर्ती संगणकावर होती. ती वेबद्वारे कोणत्याही संगणकावरून पाहता येऊ लागली. निकोला पेलो यांनी तयार केलेला न्याहाळक केवळ ओळींमागून ओळी दाखवीत असे. त्यात चित्र नव्हते, रंग नव्हता, बोधचिन्हही नव्हते. तरीही तो उपयुक्त होता, कारण तो जवळजवळ प्रत्येक संगणकावर चालत असे. पहिल्या इंट्रानेटला चेहरा नव्हता. परंतु प्रत्येकाला प्रवेश होता. ३० एप्रिल १९९३ रोजी सर्नने वेबची आज्ञावली सर्वांसाठी मुक्त केली आणि अनेक संस्थांना आपापली अंतर्गत संकेतस्थळे विनामूल्य उभारण्याचा मार्ग मोकळा झाला.

४. सनवेब : कर्मचाऱ्याला विचारून केलेली रचना

१९९३ मध्ये इलिनॉय विद्यापीठात तयार झालेल्या मोझॅक या न्याहाळकाने मजकुरातच चित्रे दाखविण्यास प्रारंभ केला. त्यानंतर मोठ्या कंपन्यांत एक नवीच परिस्थिती निर्माण झाली. प्रत्येक विभाग आपापल्या मर्जीनुसार पाने तयार करू लागला. एकाच कंपनीच्या दोन विभागांची पाने दोन वेगळ्या कंपन्यांची वाटावीत, इतके वैविध्य त्यांत असे.

या अव्यवस्थेला दिलेले एक आरंभीचे आणि अभ्यासपूर्ण उत्तर म्हणजे सन मायक्रोसिस्टिम्स या कंपनीचे ‘सनवेब’. जेकब नीलसन आणि डॅरेल सॅनो यांनी १९९४ मध्ये त्याची रचना केली आणि तिचा वृत्तांत प्रसिद्ध केला. त्यांची पद्धती लक्षणीय होती. माहितीच्या प्रकारांची नावे लिहिलेले कागदी पत्ते कर्मचाऱ्यांना देऊन त्यांचे गट पाडण्यास सांगण्यात आले. त्या गटांवरून मुखपृष्ठावरील विभाग ठरले. नंतर प्रत्येक विभागासाठी योजलेली चित्रचिन्हे कर्मचाऱ्यांना दाखवून त्यांतून कोणता अर्थ सूचित होतो, हे तपासण्यात आले. असे चार छोटे अभ्यास करून रचना निश्चित झाली.

सनवेबचे महत्त्व दुहेरी आहे. दृश्य एकरूपता हा तेथे अलंकार नव्हता. आपण कंपनीच्या कुंपणात आहोत की बाहेर, याची खूण ती कर्मचाऱ्याला देत होती. दुसरे म्हणजे, मांडणीचा आधार कंपनीचा अधिकारक्रम नसून कर्मचाऱ्याच्या मनातील वर्गीकरण हा होता. पुढील काळात अनेक इंट्रानेट संकेतस्थळे विभागांच्या प्रशासकीय तक्त्याप्रमाणे रचली गेली आणि रजेचा अर्ज कोणत्या विभागाकडे येतो हे ठाऊक असल्याखेरीज तो सापडेनासा झाला. सनवेबचा धडा उपलब्ध असूनही तो सर्वत्र गिरविला गेला नाही.

५. कोष्टकांचे युग

एचटीएमएल ही भाषा मुळात मजकुराची रचना सांगण्यासाठी होती : हे शीर्षक, हा परिच्छेद, ही यादी. रूपाविषयी ती जवळपास मौन बाळगीत असे. कंपन्यांच्या जनसंपर्क विभागांना मात्र छापील पत्रकाशी हुबेहूब जुळणारे पान हवे होते. नेटस्केप कंपनीने आपल्या न्याहाळकात मजकूर मध्यभागी आणणाऱ्या व अक्षरांचा आकार बदलणाऱ्या खुणा आणल्या आणि रूप मजकुरातच मिसळण्यास आरंभ झाला. आकडेवारीसाठी असलेली कोष्टके पानाची चौकट उभारण्यासाठी वापरली जाऊ लागली. एका बिंदूएवढे पारदर्शक चित्र हवे तितके ताणून दोन घटकांत अंतर राखण्याची युक्ती सर्वमान्य झाली. त्या वेळच्या पडद्यांवर भरवशाने सारखे उमटणारे रंग २१६ मानले जात. साहजिकच कंपनीच्या नियमावलीतील नेमकी छटा त्यांत बसविताना तडजोड करावी लागे.

या पद्धतीला पर्याय नव्हता असे नाही. होकॉन विउम ली यांनी १० ऑक्टोबर १९९४ रोजी, सर्नमध्ये असतानाच, कॅस्केडिंग स्टाइल शीट्स अर्थात सीएसएसचा प्रस्ताव मांडला. रूपाचे नियम मजकुराबाहेर स्वतंत्र धारिकेत लिहावेत, हे त्याचे सार. डिसेंबर १९९६ मध्ये त्याची पहिली आवृत्ती मानक म्हणून मान्य झाली. कंपनीच्या दृष्टीने याचा अर्थ स्पष्ट होता : बोधचिन्ह वा रंग बदलला तर हजारो पाने उघडण्याऐवजी एकच धारिका बदलावी लागणार होती. परंतु नेटस्केप आणि इंटरनेट एक्सप्लोरर या दोन्ही न्याहाळकांनी हे मानक अपुरे व परस्परविसंगत रीतीने राबविले. घटकाची रुंदी कशी मोजावी, यावरही त्यांचे एकमत नव्हते. १९९८ मध्ये स्थापन झालेल्या ‘वेब स्टँडर्ड्स प्रोजेक्ट’ या गटाने या विसंगतीविरुद्ध मोहीम उघडली. ती फलद्रूप होईपर्यंत कंपन्यांची हजारो पाने कोष्टकांच्या चौकटीत अडकली होती.

६. एका न्याहाळकाचे कुंपण

इंट्रानेटच्या रचनाकाराला जाहीर संकेतस्थळाच्या रचनाकाराकडे नसलेली एक सोय होती. कंपनीतील प्रत्येक संगणकावर कोणता न्याहाळक असावा, हे कंपनीच ठरवीत असे. मग सर्व न्याहाळकांसाठी कष्ट कशासाठी घ्यावेत? हा विचार अडाणीपणाचा नव्हता. खर्चाच्या हिशेबात तो पूर्णतः तर्कशुद्ध होता.

मायक्रोसॉफ्टने १९९६ मध्ये इंटरनेट एक्सप्लोररमध्ये आणलेल्या अ‍ॅक्टिव्हएक्स या तंत्रामुळे या विचाराला बळ मिळाले. त्यायोगे न्याहाळकातील पान थेट विंडोजमधील सुविधा वापरू शकत असे. अंतर्गत लेखा, भांडार आणि मनुष्यबळ यांच्या पद्धती या तंत्रावर उभ्या राहिल्या. याच वातावरणातून एक मौलिक निर्मितीही झाली, हे नमूद केले पाहिजे. मायक्रोसॉफ्टच्या आउटलुक वेब अ‍ॅक्सेस या कार्यालयीन टपाल आज्ञावलीसाठी, संपूर्ण पान पुन्हा न आणता त्यातील माहिती बदलण्याचे तंत्र विकसित झाले आणि मार्च १९९९ मधील इंटरनेट एक्सप्लोरर ५ मध्ये ते अंतर्भूत झाले. २००५ मध्ये जेसी जेम्स गॅरेट यांनी या तंत्रावर आधारलेल्या कार्यपद्धतीला ‘एजॅक्स’ हे नाव दिले. साऱ्या वेबला गतिमान करणारे तंत्र अशा रीतीने कार्यालयीन गरजेतून जन्मले होते.

या सोयीची किंमत नंतर कळली. ऑगस्ट २००१ मध्ये इंटरनेट एक्सप्लोरर ६ आला. त्यानंतरची आवृत्ती येण्यास ऑक्टोबर २००६ उजाडले. पाच वर्षांच्या या खंडात कंपन्यांची अंतर्गत संकेतस्थळे आवृत्ती ६ च्या गुणदोषांशी पूर्णपणे एकजीव झाली. नवा न्याहाळक बसवावा तर वेतनपत्रक उघडत नाही, जुनाच ठेवावा तर सुरक्षितता धोक्यात येते, असा पेच उभा राहिला. जानेवारी २०१० मध्ये गूगलसह अनेक कंपन्यांवर झालेल्या संगणकीय हल्ल्यात इंटरनेट एक्सप्लोररमधील त्रुटीचा वापर झाल्याचे उघड झाले आणि जर्मनी व फ्रान्स येथील शासकीय यंत्रणांनी तो न्याहाळक तूर्त टाळण्याचा सल्ला दिला. विंडोज एक्सपीचे साहाय्य ८ एप्रिल २०१४ रोजी थांबले. इंटरनेट एक्सप्लोररची अखेरची आवृत्ती १५ जून २०२२ रोजी निवृत्त झाली. तरीही जुन्या अंतर्गत पानांसाठी मायक्रोसॉफ्टला आपल्या एज या न्याहाळकात जुन्या पद्धतीची सोय ठेवावी लागली आणि ती किमान २०२९ पर्यंत राहील असे जाहीर करावे लागले. १९९० च्या दशकातील रचनाविषयक निर्णयांची सावली तीन दशकांनंतरही हटलेली नाही, याचा याहून ठळक पुरावा कोणता असेल?

७. देवनागरीचा समांतर अनुभव

मराठी वाचकाला हा अनुभव अपरिचित वाटू नये. रूपासाठी मजकूर गहाण टाकण्याची घटना देवनागरीच्या बाबतीतही घडली. भारतीय लिप्यांसाठीचे इस्की हे मानक १९९१ मध्ये प्रमाणित झाले. त्याच वर्षी युनिकोडच्या पहिल्या आवृत्तीत देवनागरीचा समावेश झाला. परंतु सर्वसामान्य कार्यालयीन संगणकावर युनिकोड देवनागरी विंडोज २००० च्या आगमनानंतरच प्रत्यक्षात येऊ लागली. त्या प्रणालीसोबत आलेला ‘मंगल’ हा टंक मराठी कवी आणि सुलेखनकार र. कृ. जोशी यांनी रेखाटलेला होता.

तत्पूर्वी, आणि नंतरही दीर्घकाळ, महाराष्ट्रातील कार्यालये, छापखाने व महाविद्यालये रोमन अक्षरांच्या सांकेतिक जागी देवनागरी आकार बसविलेले टंक वापरीत होती. प्रत्येक विक्रेत्याची मांडणी वेगळी असे. पडद्यावर सुबक मराठी दिसे. पण संगणकाच्या स्मृतीत अर्थहीन रोमन अक्षरांची रांग साठवली जाई. टंक नसलेल्या संगणकावर तेच पान उघडले की ती रांग उघडी पडे. इंटरनेट एक्सप्लोररच्या चौथ्या आवृत्तीने, १९९७ मध्ये, पानासोबत टंक पाठविण्याची सोय केली आणि अनेक मराठी संकेतस्थळांनी ती स्वीकारली. परंतु तो टंकप्रकार इतर न्याहाळकांत उमटत नसे. कुंपण पुन्हा तेच.

परिणाम केवळ तांत्रिक नव्हते. अशा टंकांतील परिपत्रके, कार्यवृत्ते आणि अहवाल शोधता येत नाहीत, अकारविल्हे लावता येत नाहीत, दृष्टिहीन व्यक्तीच्या वाचक-आज्ञावलीला वाचता येत नाहीत. संस्थेची स्मृती डोळ्यांना दिसते, पण हाताला लागत नाही. सर्नमधील मूळ प्रस्तावाने ज्या विस्मरणावर उपाय शोधला, तेच विस्मरण येथे टंकांच्या वाटेने परत आले.

८. शेअरपॉइंट आणि रंगरंगोटीचा व्यवसाय

२००१ मध्ये मायक्रोसॉफ्टने शेअरपॉइंट पोर्टल सर्व्हर बाजारात आणला. पाने हाताने लिहिण्याऐवजी तयार साच्यात मजकूर भरावा, ही त्याची दिशा होती. तयार साच्यांमुळे मात्र निरनिराळ्या कंपन्यांची अंतर्गत संकेतस्थळे एकसारखी दिसू लागली. आपली नाममुद्रा त्यावर उमटविण्यासाठी एक स्वतंत्र व्यवसायच उदयाला आला. २००७ च्या आवृत्तीत ‘मास्टर पेज’, म्हणजे सर्व पानांची सामाईक चौकट, बदलण्याची सोय मिळाली. दर्शनी रचनाकार मूळ प्रणालीच्या सीएसएसवर आपले नियम चढवून कंपनीचे रंग, टंक आणि शीर्षपट्टी आणू लागले.

येथेही जुनाच प्रश्न नव्या वेषात आला. २०१० च्या आवृत्तीत चौकटीची अंतर्गत मांडणी बदलली आणि जुनी सजावट निरुपयोगी ठरली. २०१३ मध्ये त्याची पुनरावृत्ती झाली. प्रत्येक स्थित्यंतराच्या वेळी कंपन्यांना रंगरंगोटीचा खर्च नव्याने करावा लागला किंवा जुन्याच आवृत्तीवर थांबावे लागले. अखेर २०१६ पासून आलेल्या ‘आधुनिक’ पानांत मायक्रोसॉफ्टने मास्टर पेज बदलण्याची मुभाच काढून घेतली. रंगसंगती, बोधचिन्ह, शीर्षपट्टी अशा ठरावीक जागाच संस्थेच्या हाती उरल्या. अधिक काही हवे असल्यास २०१७ मध्ये उपलब्ध झालेल्या विशिष्ट विकास-चौकटीतूनच ते करावे लागले. या निर्णयाने पाने मोडणे थांबले, ती भ्रमणध्वनीवरही नीट दिसू लागली. मात्र संस्थेच्या रूपाची मर्यादा आता आज्ञावली पुरविणारी कंपनी ठरवू लागली.

९. रचनाप्रणालींचा उदय

याच सुमारास दुसरा एक प्रवाह बळावत होता. मे २०१० मध्ये ईथन मार्कॉट यांनी पडद्याच्या रुंदीनुसार आपोआप जुळवून घेणाऱ्या रचनेची संकल्पना मांडली. ट्विटर कंपनीतील मार्क ओटो आणि जेकब थॉर्नटन यांनी अंतर्गत साधनांमध्ये एकवाक्यता यावी म्हणून तयार केलेला संच ऑगस्ट २०११ मध्ये ‘बूटस्ट्रॅप’ या नावाने सर्वांसाठी खुला झाला. कंपनीच्या आतील गरजेतून निघालेली वस्तू पुन्हा एकदा जगाची झाली.

पुढे मोठ्या संस्थांनी आपल्या नियमावल्यांना ‘रचनाप्रणाली’चे रूप दिले. आयबीएमने ‘कार्बन’ ही प्रणाली मुक्त परवान्याने उपलब्ध केली. २०१७ मध्ये तिने ‘प्लेक्स’ हा स्वतःचा टंक आणला, तोही मुक्त परवान्याने. पुढे त्यात देवनागरीचीही भर पडली. मुंबईच्या ‘एक टाइप’ या टंकरचनाकारांच्या गटाचा ‘मुक्त’ हा टंकही असाच खुला आहे. देवनागरीत नाममुद्रा जपण्यासाठी अवाचनीय मजकुराची किंमत मोजण्याचे कारण आता उरलेले नाही.

सुगमतेच्या मानकांनी या प्रवाहाला नैतिक अधिष्ठान दिले. डिसेंबर २००८ मध्ये मान्य झालेल्या वेब सुगमता मार्गदर्शक तत्त्वांच्या दुसऱ्या आवृत्तीने मधल्या पातळीसाठी सामान्य आकाराच्या अक्षरांचा व पार्श्वभूमीचा उठाव किमान ४.५ : १ असावा असे सांगितले. नाममुद्रेचा रंग कितीही प्रिय असला, तरी तो वाचता आला पाहिजे, हा नियम आकड्यांत व्यक्त झाला. ग्राहकाला न आवडलेले संकेतस्थळ सोडून जाता येते. कर्मचाऱ्याला आपल्या कंपनीचे इंट्रानेट सोडता येत नाही. म्हणून तेथे हा नियम अधिकच बंधनकारक मानला पाहिजे.

१०. समारोप

वरील विवेचनावरून तीन निष्कर्ष संभवतात. पहिला, इंट्रानेटवरील एकरूपता कर्मचाऱ्याला दिशा दाखविते तेव्हाच सार्थ ठरते. सनवेबने हे १९९४ मध्येच सिद्ध केले होते. दुसरा, नियंत्रित वातावरणाची सोय ही दीर्घकालीन अवलंबित्वाची सुरुवात ठरू शकते; इंटरनेट एक्सप्लोरर ६ आणि युनिकोडेतर देवनागरी टंक ही त्याची दोन उदाहरणे. तिसरा, मजकूर आणि रूप यांची फारकत ही केवळ तंत्रज्ञांची शिस्त नसून संस्थेच्या स्वायत्ततेची अट आहे.

या निष्कर्षांचा संबंध केवळ कंपन्यांशी नाही. प्रवेश, हजेरी, परीक्षा आणि सेवापुस्तके यांसाठी महाविद्यालयेही आज अंतर्गत संकेतस्थळांवर विसंबून आहेत. अशी प्रणाली स्वीकारताना बोधचिन्ह कोठे बसवावे, यावर चर्चा रंगते. त्याआधी विचारावयाचे प्रश्न वेगळे आहेत : उद्या पुरवठादार बदलला तर मजकूर अखंड स्वरूपात बाहेर काढता येईल काय? तो युनिकोडमध्ये साठवला जातो काय? तो कोणत्याही न्याहाळकात आणि दृष्टिहीन सहकाऱ्यालाही वाचता येतो काय? या प्रश्नांची उत्तरे होकारार्थी असतील, तर रंग आणि टंक केव्हाही बदलता येतील. ती नकारार्थी असतील, तर संस्थेचा चेहरा कितीही देखणा असला, तरी तिची स्मृती दुसऱ्याच्या स्वाधीन झालेली असेल.